घर बांधताना: झाकलं जाण्याआधी काय काय बघायचं

घर पूर्ण झाल्यावर डोळ्यांना जे दिसतं ते बहुतेक सगळं नंतर बदलता येतं. रंग, फरशी, ओट्याचा दगड, दारं, नळ. जे दिसत नाही ते बदलायला घर फोडावं लागतं. पायाखालची माती, काँक्रीटमधली सळई, न्हाणीखालचा पाइप, प्लास्टरमागची वायर हे त्यातलं. तरी मालकाचा सगळा वेळ फरशीच्या दुकानात जातो आणि पाया भरताना साइटवर कोणीच नसतं. पुढे कामाचा क्रम दिला आहे तो याच हिशोबाने: कोणती गोष्ट कधी झाकली जाते आणि त्याच्या आदल्या दिवशी काय मोजायचं.

जमीन आणि तिची पातळी

आर्किटेक्टकडे जाताना नुसती लांबी-रुंदी नेऊ नका. दर तीन ते पाच मीटरवर पातळ्या घेतलेला सर्व्हे हवा. त्यात रस्त्याची पातळी, झाडं आणि सांडपाणी जिथे सोडायचं त्या चेंबरच्या तळाची पातळीही असली पाहिजे. शेवटची गोष्ट हमखास राहते आणि तिच्यावरच जोत्याची उंची ठरते.

उदाहरण घ्या. घराजवळच्या पहिल्या चेंबरचा तळ जमिनीखाली ४५० मिमी आहे आणि बाहेरचं चेंबर २० मीटरवर आहे. ११० मिमी पाइपला १:६० उतार दिला तर २० मीटरमध्ये पाइप ३३३ मिमी खाली जातो. म्हणजे सपाट जमिनीत तो बाहेर पोचतो ७८३ मिमी खोलीवर. बाहेरच्या चेंबरचा तळ जर ६०० मिमीवरच असेल तर तुमची लाइन त्यात पडणारच नाही. मग जोतं आणि आवार जवळपास २०० मिमी उचला, नाहीतर आयुष्यभर पंप चालवा. हे गणित कागदावर पाच मिनिटांचं आहे. फरशी बसल्यावर कळलं तर त्याला उत्तर नाही.

रस्ता आणि आवार यांत जे उंच असेल त्याच्यापेक्षा जोतं निदान ४५० ते ६०० मिमी वर ठेवा. रस्ता प्रत्येक डांबरीकरणात वर येतो, घर येत नाही.

माती

शेजारच्याने कसा पाया घेतला हे ऐकून पाया ठरवू नका. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तरी खड्डे किंवा बोअर घ्या. तपास फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीट पायाच्या, तळापर्यंत करून भागत नाही; फुटिंगच्या रुंदीच्या साधारण दीडपट आणखी खाली बघावं लागतं, कारण वजनाचा दाब तिथपर्यंत जाणवतो. दीड मीटर रुंद फुटिंग असेल तर तळाखाली सव्वादोन मीटर. इतक्या खोलीला बोअरच बरा. दीड मीटरपेक्षा खोल उघड्या खड्ड्यात बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवू नका.

दोन प्रकारची जमीन जास्त त्रास देते. पहिली फुगणारी चिकण माती. ती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते आणि घर वर-खाली हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग आणि एका ऋतूत अडकून दुसऱ्या ऋतूत मोकळं होणारं दार या तिच्या खुणा. तिथे पाया ऋतूप्रमाणे ओल्या-कोरड्या होणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो किंवा अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब) घ्यावे लागतात. शिवाय फरशीखाली न फुगणारा मुरूम भरायचा आणि घराभोवती पाणी झिरपू न देणारी रुंद फरसबंदी करायची. दुसरी जमीन म्हणजे भराव. सगळं घर भरावावर असणं एक वेळ सांभाळता येतं, पण अर्धं भरावावर आणि अर्धं मूळ कठीण जमिनीवर ही जोडी वाईट. भरावाकडची बाजू खचते, दुसरी जागची हलत नाही आणि घर मधोमध चिरतं.

नकाशा

खोल्यांची यादी करण्याआधी मोठ्या सामानाची यादी करा: पलंग, कपाट, जेवणाचं टेबल, फ्रीज, धुण्याचं यंत्र. प्रत्येकाचं माप घेऊन ते नकाशात काढायला लावा आणि कपाटाचं दार उघडल्यावर पुढे ६०० मिमी तरी उरतात का ते बघा. आतलं माप आणि बाहेरचं माप यातली गफलत फार होते. बाहेरून १० × १२ मीटरचं घर म्हणजे १२० चौरस मीटर. पण भोवती २३० मिमीची भिंत धरली की आत उरतात ११०. आतल्या भिंती अजून धरलेल्याच नाहीत. मोकळ्या जागेवर चुन्याने एका खोलीचं आतलं माप आखून त्यात उभं राहिलं की कागदावर मोठी वाटणारी खोली खरी किती आहे ते समजतं.

मुख्य दार १ मीटरचं, खोल्यांची ९०० मिमीची आणि न्हाणीघराचं निदान ७५० मिमीचं ठेवा. चाकाची खुर्ची कधी लागेल असं वाटत असेल तर न्हाणीचंही ९०० करा. ओट्याची उंची साधारण ८५० मिमी, खोली ६०० मिमी; स्वयंपाक करणारा माणूस उंच असेल तर ओटाही वर घ्या. वरच्या मजल्यावरची न्हाणी खालच्या न्हाणीच्या बरोबर वर आली तर पाइप सरळ उतरतात. खालच्या बैठकीच्या डोक्यावर न्हाणी काढणारा नकाशा सही न करता परत पाठवावा. मावळतीच्या बाजूच्या भिंतीला आडवा छज्जा पुरत नाही, कारण तिकडचं ऊन तिरपं, छज्ज्याच्या खालून येतं. तिथे उभ्या पट्ट्या, झाड किंवा लहान खिडक्या कामी येतात.

जिन्यावर मात्र थांबायला हवं, कारण तो चुकला की रोज पायाला कळतो.

समजा मजल्यापासून मजल्यापर्यंत ३००० मिमी आहे. १८ चढ घेतले तर एक चढ १६७ मिमीचा. पायरीची रुंदी २७० धरली तर दोन चढ अधिक एक पायरी मिळून ६०४ होतात. हा आकडा ६०० ते ६३०च्या दरम्यान असला की चाल नैसर्गिक पडते. मधे वळणारा जिना केला तर प्रत्येक बाजूला ९ चढ, म्हणजे ८ पायऱ्या, म्हणजे २१६० मिमी. त्यात वळणावरचा मीटरभराचा चौक मिळवला की लांबी ३१६० मिमी. मीटर-मीटर रुंदीच्या दोन बाजू आणि मधली १०० मिमीची फट मिळून रुंदी २१०० मिमी. वर जिथे जिना संपतो तिथे चालायला आणखी मीटरभर जागा लागते. नकाशात जिन्याला यापेक्षा छोटी चौकट दिसली तर पायऱ्या मोजा. दोन कमी निघतील. पायरीच्या नाकापासून डोक्यावरच्या काँक्रीटपर्यंत २१०० मिमी मोकळं आहे ना, तेही मोजा.

पुढची चूक साइटवर होते. मिस्त्री स्लॅब ते स्लॅब सगळे चढ १६७चे सारखे ओततो. मग मजल्यावर ६० मिमीचा फरशीचा थर येतो आणि पायऱ्यांवर मात्र ४० मिमीचा दगड बसतो. झालं, पहिला चढ १४७चा आणि शेवटचा १८७चा. वर पोचताना प्रत्येकजण त्याच एका पायरीला ठेचकाळतो आणि कारण कोणाला सापडत नाही. उपाय सोपा आहे: जिन्याचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, होण्याआधी दोन्ही थरांची जाडी ठरवा आणि चढांची आखणी ओतलेल्या काँक्रीटच्या मापावर न करता तयार फरशीच्या मापावर करा.

काम सुरू होण्याआधी चार नकाशे हातात हवेत: आर्किटेक्टचा, आरसीसीचा (सळई आणि काँक्रीटच्या कामाचा), विजेचा, प्लंबिंगचा. ते एकमेकांवर ठेवून बघा. ४५० मिमी खोल बीम असेल तर ३००० मिमीच्या मजल्यात बीमखाली २५५० उरतात आणि फरशी बसल्यावर २४९०. उंच सरकतं दार, पडद्याची पेटी, खोटं छत यांचा हिशोब तिथूनच करायचा. न्हाणीचा पाइप बीममधून जात असेल तर तो आत्ताच दिसतो. दोन नकाशे नंतर देतो म्हणणाऱ्याला कामही नंतरच सुरू करू द्या.

करार

कंत्राटात दर कशाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. चौरस मीटरचा दर असेल तर मोजणी बाहेरून की आतून, बाल्कनी आणि जिना पूर्ण धरायचा की अर्धा, गच्चीचा कठडा आत की बाहेर, हे वाक्य लिहून घ्या. आयटमनिहाय दर असेल तर दारं-खिडक्यांची वजावट प्लास्टरमधून होणार का ते लिहा. पैसे महिन्यावर देऊ नका, पूर्ण झालेल्या टप्प्यावर द्या. प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के राखून ठेवा. जादा काम तोंडी सांगायचं नाही. वहीत काम, दर आणि दोघांच्या सह्या झाल्या की मगच. आणि अंदाजपत्रकाच्या वर १० ते १५ टक्के वेगळे ठेवलेले असू द्या, कारण जमिनीखाली काय निघेल ते खणल्यावरच कळतं.

माल तुमचा आणि मजुरी त्यांची, असं ठरलं असेल तर सळईचा हिशोब स्वतः ठेवा. व्यासाचा वर्ग करून १६२ने भागला की एक मीटरचं वजन किलोत येतं: ८ मिमीचं ०.३९५, १२ मिमीचं ०.८८९, १६ मिमीचं १.५८. नकाशातली लांबी गुणिले हे वजन आणि काट्यावरचं वजन यांत तुकड्यांइतकाच फरक असावा.

आखणी आणि पाया

लाइन आउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, भिंतींच्या कडांवर करू नका, कॉलमच्या सेंटर लाइनवर करा. खोदाईच्या रेषेपासून मीटर-दीड मीटर लांब बुरज्या (विटांचे छोटे खांब) बांधून त्यांच्या माथ्यावर खिळे मारा, म्हणजे खड्डे खणल्यावरही दोरी परत त्याच जागी लावता येते. काटकोनासाठी ३-४-५चं माप सगळ्यांना माहीत असतं, पण ते ३ मीटरवर घेतलं तर १२ मीटरपर्यंत चूक चौपट होते. मोठं घ्या: ९, १२ आणि कर्ण १५ मीटर. पट्टी स्टीलची वापरा, कापडी पट्टी ताणली जाते. शेवटी घराचे दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले नाहीत तर पुढे प्रत्येक खोलीत फरशीचा शेवटचा तुकडा तिरका कापावा लागेल.

खड्ड्याचा तळ सपाट, कोरडा आणि हाताने उकरता न येणारा हवा. चुकून जास्त खोल गेला तर तिथे माती भरून धुम्मस मारणं चालत नाही. कमी सिमेंटचं काँक्रीटच भरायचं. त्यावर १०० मिमी पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, त्यावर सळयांची जाळी. जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक; कव्हर म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर. खडीचे तुकडे किंवा फरशीचे कपटे ठेवलेले दिसले तर काढून टाका. कॉलमला ४० मिमी, बीमला २५, स्लॅबला २० कव्हर धरतात; नकाशात वेगळं दिलं असेल तर नकाशा खरा. समुद्राजवळ ते वाढतं. कव्हर कमी पडलं की ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडू लागतात.

स्लॅबचा दिवस

स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी इंजिनिअरबरोबर वर चढा. नकाशा हातात हवा. पुढच्या गोष्टी त्याच दिवशी बघता येतात, नंतर कधीच नाही.

रिंगांची, म्हणजे मुख्य सळयांभोवती बांधलेल्या कड्यांची, टोकं १३५ अंशात आत वळलेली आहेत का. ९० अंशात दुमडलेली रिंग भूकंपात उघडते आणि कॉलममधलं काँक्रीट बाहेर पडतं. बीम कॉलमला भेटतो तिथे रिंगा जवळजवळ आहेत का. सळयांचे जोड नकाशातल्या लांबीचे आहेत का (साधारण व्यासाच्या ५० पट, म्हणजे १६ मिमीला ८०० मिमी) आणि सगळे एकाच रेषेत तर आलेले नाहीत ना. बीमच्या खालच्या सळईचा जोड गाळ्याच्या, म्हणजे दोन कॉलममधल्या अंतराच्या, मधोमध नको. तिथेच सगळ्यात जास्त ताण येतो.

मग बाल्कनी. भिंतीतून पुढे आलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण तिथे ताण वर येतो. काँक्रीट ओतताना माणसं याच सळयांवरून घमेली घेऊन चालतात. १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये वरची सळई तळापासून साधारण १०० मिमीवर हवी. पायाखाली ती ३० मिमी दबली की तिची ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटली. वरून काहीच दिसत नाही. म्हणून बाल्कनीत वरच्या सळईला खालून आधार देणाऱ्या सळईच्या खुर्च्या दाट ठेवायच्या, चालायला फळ्या टाकायच्या आणि तिथलं काँक्रीट ओतताना एक माणूस सळया वर उचलून धरण्यासाठी उभा करायचा.

विजेचे पाइप, पंख्यांचे बॉक्स आणि प्लंबिंगच्या स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये ठेवलेल्या नळ्या) बसल्यात का तेही मोजून घ्या. राहिलेलं भोक नंतर ड्रिलने पाडताना नेमकी सळई कापली जाते.

आता काँक्रीट. १०० चौरस मीटरचा १२५ मिमीचा स्लॅब म्हणजे १२.५ घनमीटर. बीम वेगळे. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटसाठी घनमीटरला साधारण ८ पोती धरली तर १०० पोती. सिमेंट, वाळू आणि खडीचं १:१.५:३ हे प्रमाण घमेल्याच्या अंदाजाने जमत नाही. ३५ लिटरचा फरमा, म्हणजे मापाची पेटी, ठेवा, कारण ५० किलोचं पोतं साधारण तेवढंच भरतं. पोत्यामागे दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. पाणी जास्तीत जास्त २५ लिटर, आणि त्यातून वाळूतलं पाणी वजा. ओली वाळू ५ टक्के पाणी धरून असेल तर ८० किलो वाळूत चार लिटर आधीच आलेलं असतं, मग वरून २१च. मिक्सरजवळ कोणीतरी बादली घेऊन उभा असतो आणि माल पुढे सरकेना की भसकन पाणी ओततो. सगळ्या स्लॅबची ताकद त्या एका बादलीत वाहून जाते. माल घट्ट वाटत असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. ते आधी मोजून ठरवलेलं असावं.

काँक्रीट हलवून त्यातली हवा काढणारे व्हायब्रेटर दोन ठेवा. एक बंद पडतोच. सुई उभी सोडायची, बुडबुडे यायचे थांबले की सावकाश वर घ्यायची. सुईने माल ढकलत नेला तर खडी एकीकडे आणि लगदा दुसरीकडे होतो. काम मधे थांबवावं लागलं तर कुठे थांबायचं ते इंजिनिअरने आधीच खुणेने दाखवून ठेवलेलं हवं. पाऊस आला तर झाकायला ताडपत्री वरच असू द्या, खाली गोदामात नको. त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब (घनाकृती ठोकळे) भरून ठेवा, ७ आणि २८ दिवसांनी ताकद तपासायला.

पृष्ठभाग बोटाला घट्ट लागला की ओली गोणपाटं, दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या गरम हवेत १० दिवस. स्लॅबला पाणी सगळे मारतात, कॉलम विसरतात. त्यांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. साध्या सिमेंटला, थंडी फार नसेल तर, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी निघतात. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ दिवसांनी आणि पुढे २१. राखेचं सिमेंट असेल तर अजून थांबा. बाल्कनीचे टेकू टोकाकडून काढत भिंतीकडे यायचं. उलट केलं तर टोकाला राहिलेला टेकू स्लॅबला भलतीकडे ताण देतो.

भिंती आणि प्लास्टर

जोत्यावर ओलरोधक थर अखंड हवा. तो एका जागी तुटला तरी जमिनीची ओल तिथून भिंतीत चढते. विटा आधी भिजवा, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतात. सांधे १० मिमी, दिवसाला दीड मीटरपेक्षा जास्त उंची नको, दर तीन-चार थरांनी ओळंबा आणि पाणसळ. बीमखालचा शेवटचा थर लगेच भरू नका. वरचे मजले आणि त्यांचं वजन येऊन बीम वाकायचा तेवढा वाकला की भरा. काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरआधी दोन्हीकडे १५० मिमी जाईल अशी जाळी ठोका. या रेषेवरची भेग रंगाने झाकत नाही.

वायरिंगसाठी भिंत खाचताना उभी खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणि आडवी सहाव्या हिश्श्यापर्यंतच. ११५ मिमीच्या भिंतीत आडवी खाच म्हणजे जेमतेम १९ मिमी, म्हणजे २५ मिमीचा पाइपसुद्धा बसत नाही. त्यामुळे ती टाळायचीच. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिमीची वायर ही सर्वसाधारण मापं. सोबत ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि खरोखर मोजलेलं अर्थिंग.

पाणी जिथे वापरलं जातं आणि जिथे पडतं

न्हाणीची खोलगट स्लॅब आणि तिच्यातला विटांच्या तुकड्यांचा भराव ही जुनी पद्धत आहे. तिचा दोष असा की कुठेतरी सांधा गळला तरी पाणी भरावात साचत राहतं आणि वर्षभराने खालच्या छतावर दिसतं. ती करायचीच असेल तर खोलगट भागाच्या तळातून बाहेर निघणारा एक बारीक पाइप ठेवा. त्यातून थेंब पडू लागला की आत गळती आहे हे लगेच कळतं.

क्रम असा: पाइप आणि स्लीव्ह पक्क्या, कोपऱ्यांत गोलाई, वॉटरप्रूफिंग भिंतीवर ३०० मिमीपर्यंत आणि शॉवरच्या बाजूला पूर्ण उंचीला. मग पाणी कोंडून पातळीवर खूण करा, ४८ तास थांबा, खालून बघा. भराव आणि फरशीखालचा थर झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा. फरशीचा उतार १:८०, म्हणजे २.४ मीटरला ३० मिमी. ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, निदान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास येणारच. नळाच्या पाइपांना प्लास्टरआधी दाब देऊन काटा रात्रभर स्थिर राहतो का ते बघा.

दाबाचं गणितही आधी करा. पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला ०.१ बार (बार हे दाबाचं माप) मिळतो. गच्चीवरच्या टाकीचा तळ शॉवरपेक्षा दोनच मीटर वर असेल तर ०.२ बार, म्हणजे धार केविलवाणी. टाकीचा चौथरा उंच करा किंवा पंप धरा. चौथऱ्याची जागा मात्र आरसीसी नकाशात हवी; २००० लिटर म्हणजे दोन टन.

गच्चीला १:१०० उतार: पाच मीटरला ५० मिमी. निचरा एकाच कोपऱ्यात ठेवू नका, दोन तोंडं ठेवा. एकात पालापाचोळा अडकला तर दुसरं चालतं. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गोलाई आणि वॉटरप्रूफिंग वर चढवलेलं, बाहेरच्या छज्ज्याच्या कडेखाली पागोळीसाठी खाच. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटातून भिंतीकडे येतं.

फोटो

प्रत्येक भिंतीचा आणि प्रत्येक न्हाणीचा फोटो पाइप-वायर उघडे असताना काढा. फोटोत मोजपट्टी उलगडून धरलेली असावी, एक टोक कोपऱ्याला आणि शून्य दिसेल असं. फाइलला खोलीचं आणि भिंतीचं नाव द्या. नुसता फोटो काही महिन्यांनी कोणत्या भिंतीचा आहे ते सांगत नाही. हे फोटो आणि साइटवर बदललेल्या चारही नकाशांच्या दुरुस्त प्रती हातात आल्यावर राखून ठेवलेल्या पैशातला अर्धा भाग सोडा, उरलेला एक पावसाळा गेल्यावर.